काठावरचं कणीस

कुकरची रिंग गेली. तीही रविवारी दुपारी साडेबाराला, म्हणजे दुकानं बंद व्हायच्या आणि भूक लागायच्या नेमक्या वेळेला. मग पातेल्यात भात टाकला, झाकण तिरकं ठेवलं आणि ओट्यापाशी उभा राहिलो. शिट्ट्या मोजून मोजून, भात झाला की नाही हे बघावं लागतं हेच विसरून गेलो होतो. शिट्टी वाजते आणि आपण विश्वास ठेवतो. पातेलं तसं काही सांगत नाही, त्याला विचारावं लागतं.

डावाच्या टोकावर एक शीत घेतलं आणि अंगठ्यानं दाबलं. मधे कणी लागली. पाच मिनिटांनी पुन्हा. माझी एक खोड आहे, मी एका शितावर थांबत नाही. वरचं एक, मधलं एक, कडेचं एक. बायको मागून म्हणाली, "शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. तू तर बोर्डाची परीक्षा घेतोयस."

पण त्या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलीय, आणि ती कुणी बोलत नाही. भात ढवळलेला असला पाहिजे. वरचं शीत कच्चं आणि तळाला खरवड, असं चुलीवरच्या भाताचं नेहमी व्हायचं. आजी वरचं शीत कधीच बघायची नाही. डाव बाजूनं आत घालून पोटातलं काढायची. आंब्याची पेटी विकणाऱ्यालाही हे बरोबर ठाऊक असतं. म्हणून तर वरच्या थरातले आंबे असे हसत असतात. आपण वरचा एक आंबा हुंगून पेटी घेतो आणि घरी आल्यावर पेंढ्यातून खालचे निघतात तेव्हा गप्प बसतो. दरवर्षी.

आणि गणपतीत तर चाखायचीसुद्धा सोय नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही, त्यामुळे आई मीठ अंदाजानं घालते. उकळीकडे बघते, वास घेते, बोटांच्या चिमटीकडे बघते आणि सोडते. एका वर्षी अळूच्या भाजीत मीठच नव्हतं. देवानं तक्रार केली नाही. पंगतीनं केली.

शीत दाबता दाबता आजोळ आठवलं. खटाव तालुक्यातलं, बुध गावापासून फार लांब नाही. दसऱ्याला आम्ही तिकडे असायचो, बाजरी काढणीला आलेली असायची. मी चौथीत असेन. एका सकाळी तलाठी, ग्रामसेवक आणि टोपीवाले एक साहेब आजोबांच्या वावरात आले. बरोबर टेप, चार खुंट्या, सुतळी आणि आकड्यांचे रकाने छापलेला एक कागद. पीक कापणी प्रयोग होता, म्हणजे एका तुकड्यातलं पीक कापून, तोलून गावाची आणेवारी, गावात पीक किती आलं ते, ठरवायचं. गावातल्या सगळ्या बाजरीतून आजोबांचं वावर 'निघालं' होतं. आजोबांनी आदल्या रात्री दाढी केली होती.

साहेबांनी वावराचा नैऋत्य कोपरा धरला. कागदावर बोट ठेवून दोन आकडे काढले, इतकी पावलं लांबीनं, इतकी रुंदीनं. तलाठी मोजत चालत गेला आणि जिथं थांबला ती जागा नेमकी बाभळीखालची. आख्ख्या वावरातली सगळ्यात मरतुकडी बाजरी.

"काय वो सायेब," आजोबा म्हणाले, "हितं नगा. हिरीकडच्या अंगाला घ्या की. तिथलं कणीस बघा, मनगटाएवढं हाय."

"आकडा पडला तिथंच, बाबा."

"आकड्याला काय कळतंय बाजरीतलं?"

साहेब हसले. दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखला गेला. मग बांधावर बसलेला शेजारी आजोबांवर चिडला. "आवो आबा, कमी भरू द्या की! आणेवारी पन्नासच्या आत आली तर सारा माफ हुईल. तुमी कशाला चांगली जागा दावताय?" आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्यापेक्षा दुष्काळ परवडला. गावाची आणेवारी गेली खड्ड्यात. वावर त्यांचं होतं, आणि सरकारदप्तरी ते बाभळीखालच्या बाजरीनिशी नोंदलं जाणार होतं.

कापणी सुरू झाली. सुतळीच्या अगदी काठावर बाजरीचं एक ताट होतं, त्यातल्या त्यात बरं कणीस असलेलं. वाऱ्यानं ते बाहेर झुकलं होतं. मी आजोबांशेजारी उभा होतो, म्हणून मला दिसलं. त्यांनी इकडंतिकडं न बघता पायाच्या अंगठ्यानं ते ताट हळूच आत ढकललं.

"बाबा, पाय मागं घ्या," साहेब टेपवरून नजर न काढता म्हणाले. "बूड आत असंल तर आत. बूड बाहेर असंल तर बाहेर."

बूड बाहेर होतं.

कणसं बडवली, उफणली, तागडीत घातली. किती भरली ते मला आठवत नाही. आजोबा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत एवढं आठवतं.

बऱ्याच वर्षांनी कळलं की त्या काठावरच्या कणसावरून देशातली दोन फार मोठी माणसं भांडली होती. एक प्रशांतचंद्र महालनोबीस, 1931 साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढणारे. बंगालातल्या तागाचा आणि पुढे भाताचा अंदाज नमुन्यावरून काढायचा खटाटोप त्यांनीच मांडला. त्यांची माणसं शेतात छोटी छोटी वर्तुळं आखून कापायची. दुसरेही संख्याशास्त्रज्ञच, पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, गाव बुध. हो, तेच. ते म्हणायचे, जागा इतकी लहान घेतली की उत्पन्न फुगतं. कारण तुकडा जितका छोटा तितका त्याचा काठ मोठा, आणि काठावर उभं असलेलं कणीस कापणाऱ्याच्या हाताला आतलंच वाटतं. लबाडी नसते. हात आपोआप आत ओढतो. म्हणून त्यांचा आग्रह मोठ्या तुकड्याचा. हा वाद सभांमधून, निबंधांमधून वर्षानुवर्षं चालला. वाचताना मला सारखा आजोबांचा अंगठा दिसत होता. सुखात्मे लहानपणी आमच्या भागातल्या बांधांवर फिरले असतील, तेव्हा असे अंगठे त्यांनी पाहिले असतील का? असतील असं आपलं मला वाटतं. त्याला पुरावा नाही. एकाच आजोबांवरून काढलेला निष्कर्ष आहे.

तसे आपण सगळेच एका शितावर घाईनं भात ठरवणारे. एका रिक्षावाल्यावरून पुणं, एका मामावरून मुलीचं घराणं, एका जिलबीवरून आचारी. आमच्या एका नातलगांनी नागपूरला एकदाच, तेही मे महिन्यात, तीन तास काढले. त्या शहराबद्दल ते आजही अधिकारानं बोलतात.

तर इतकी वर्षं मी शितं दाबत आलो. 2022 च्या सप्टेंबरात मात्र मीच शीत झालो.

गणपती जाऊन आठवडा झाला होता. दुपारी बेल वाजली. दारात पंचविशीतली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "काका, घरखर्चाच्या सर्वेक्षणात तुमचं घर निवडलंय."

"का?" बायकोनं आतूनच विचारलं. आमच्याकडे काहीही निवडून आलं की आधी का विचारतात.

"काही नाही, यादीत नंबर आला."

समोरच्या दारातून काकू ऐकतच होत्या. "आमचं नाही का निवडलं? आमच्याकडे हिशेबाची वही आहे. रोजची लिहिलेली." मुलगी म्हणाली, मनानं घर बदलता येत नाही. काकूंनी दार लावलं, जरा जोरातच. वही असलेलं घर सोडून सरकार आमच्याकडे आलं, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मला आजोबांची विहिरीकडची बाजरी आठवली.

मुलगी बसली. पाणी प्यायली. मग सुरू झालं. घरात माणसं किती, तांदूळ किती, गहू किती, तूरडाळ किती. काही गोष्टी गेल्या सात दिवसांतल्या, काही तीस दिवसांतल्या, टिकाऊ वस्तू वर्षातल्या. आणि हे एका बैठकीत संपणार नव्हतं, तीन महिन्यांत ती तीनदा येणार होती.

"तीस दिवसांत साखर किती लागली?"

"पाच किलो," बायको म्हणाली आणि लगेच सावरली. "पण अहो, गणपती झाले ना आत्ताच. एरवी आम्हाला दोनच लागते."

"पाच लिहिते."

"पण ते खरं नाही."

"गेली ना पाच?"

"गेली."

"मग खरंच आहे, काकू."

नारळ अकरा निघाले. अकरा! मलाच धक्का बसला. बायको कानकोंडी होऊन म्हणाली, "आम्ही असे नाही हो. हा महिनाच वेगळा होता." मुलीनं टॅब मांडीवर ठेवला. दिवसभरात हे वाक्य तिनं कितव्यांदा ऐकलं असेल कोण जाणे. म्हणाली, "तुमच्याकडे गणपती. खालच्या गल्लीत एकांकडे लग्न. एकांकडे आजोबा दवाखान्यात. एका घरातली माणसं महिनाभर गावाला. नेहमीचा महिना असलेलं घर मला अजून तरी भेटलेलं नाही."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मी चहा ठेवायला उठलो. घरात मुद्द्याचं कुणी बोललं की मी चहा ठेवतो.

ते सर्वेक्षण ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 असं वर्षभर चाललं आणि त्यात 2,61,746 घरं विचारली गेली. वर्षभर कशासाठी, तर कुणाच्या वाट्याला गणपती यावेत, कुणाच्या आषाढ, कुणाच्या परीक्षेची फी. हेही एक ढवळणंच. मी एक आपला भागाकार करून पाहिला. 2011 च्या जनगणनेत देशात पंचवीस कोटींच्या जवळपास कुटुंबं होती. म्हणजे आमच्या घराच्या पाठीशी हजारभर घरं उभी. आमचा कांदा म्हणजे हजार घरांचा कांदा म्हणायचा. हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक घराला वजन वेगळं असतं. पण त्या रात्री भाजी घेताना जबाबदारी वाटली खरी.

पुढच्या एका फेरीत ती मुलगी पान, तंबाखू, विडीकडे आली. आई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती.

"आजी, घरात कुणी तंबाखू, मिश्री वगैरे खातं का?"

आईनं पदर ओठांवर घेतला. "न्हाई गं पोरी. आमच्याकडं कुणी न्हाई खात तसलं."

मी आईकडे पाहिलं. आईनं वाटाण्याकडे पाहिलं. पितळेची डबी तिच्या उशीखाली होती. गेली चाळीस वर्षं असते. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला काही कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. मी गप्प राहिलो. शून्य लिहिलं गेलं, आणि हजार घरांतल्या हजार म्हाताऱ्यांच्या उशाखालून डब्या एकदम नाहीशा झाल्या. आजोबांनी एक कणीस आत ढकललं होतं. आईनं एक डबी बाहेर ढकलली. शेवटी त्यांचीच लेक.

2024 च्या फेब्रुवारीत आकडे जाहीर झाले. माणशी महिन्याचा खर्च, खेड्यात 3,773 रुपये, शहरात 6,459. पेपर हातात घेऊन मी तो शहरातला आकडा बराच वेळ पाहत होतो. त्यात कुठेतरी आमचे अकरा नारळ होते. काकूंची वही नव्हती.

"आई, तुझा हिशेब छापून आलाय."

"कुठला?"

"ती मुलगी यायची ना, टॅबवाली. त्याचा."

आईनं चष्मा शोधला, घातला, पेपरकडे पाहिलं आणि न वाचताच परत दिला. मग जरा थांबून, हळूच, "त्यात माझी मिश्री धरली का रे?"

"कशी धरतील? तूच नाही म्हणालीस."

"खाता का म्हणाली ती," आई म्हणाली. "मी लावते."