एमिली स्कॅरटची 17 वर्षं आणि आमच्या पोरीचा गुडघा

रविवार, रात्र

आज सुट्टी म्हणून दुपारभर एमिली स्कॅरटचे जुने व्हिडिओ बघत बसले. इंग्लंडची रग्बी प्लेयर, 2025 च्या ऑक्टोबरात रिटायर झाली. 2008 ते 2025, म्हणजे 17 वर्षं देशाकडून खेळली, 119 मॅच, 754 पॉइंट, पाच वर्ल्ड कपांत खेळली. आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात पोरगी 17 वर्षांची झाली की तिचं खेळणं बंद होतंय आणि हिची नुसती कारकीर्दच तेवढी!

2014 ची पॅरिसची वर्ल्ड कप फायनल तर बघाच. कॅनडाला 21-9 हरवलं, त्यातले 16 पॉइंट हिचे एकटीचे, तीन पेनल्टी, एक कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक) आणि शेवटी शेवटी बचावातनं घुसून मारलेला ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडं बॉल जमिनीला टेकवणं. आणि ती टीम म्हणजे सगळ्या नोकरी सांभाळून खेळणाऱ्या, कॅप्टन केटी मॅकलीन प्राथमिक शाळेत शिक्षिका, सोफी हेमिंग जनावरांची डॉक्टर. मी पण शाळेत पीटी घेते म्हणून असेल, पण हे वाचून लई बरं वाटलं. फुल टायमाचे पगारी करार 15 जणींच्या रग्बीत इंग्लंडच्या बायकांना 2019 ला मिळाले, म्हणजे स्कॅरटची निम्मी कारकीर्द झाल्यावर.

पण मला तिच्या पॉइंटांपेक्षा तिची दुखणी महत्त्वाची वाटतात. 2021 ला पाय मोडला, परत आली. 2022 ला ऑकलंडची वर्ल्ड कप फायनल न्यूझीलंडकडून 34-31 नं हरले. मग मानेतली डिस्क सरकली, ऑपरेशन झालं, 2023 चं बहुतेक सगळं वर्ष बाहेर, वय 33. आमच्याकडं मानेचं ऑपरेशन झालेल्या बाईला कुणी पाण्याची घागर उचलू देत नाही. ती 2024 ला परत मैदानात उतरली आणि 2025 च्या वर्ल्ड कपात अमेरिकेविरुद्ध पहिल्या मॅचला बेंचवरनं आली. फायनलच्या 23 जणींत ती नव्हती, तरी ट्विकनमला 81,885 लोकांसमोर कॅनडाला 33-13 हरवलं तेव्हा वर्ल्ड कप तिचापण होताच की. जिद्द तिची होतीच, पण डॉक्टर, फिजिओ, पगार, आणि तू बरी हो, आम्ही थांबतो म्हणणारी माणसं पण होती. हेच आमच्याकडं नाही.

माझ्या शाळेच्या कबड्डी टीममधली डाव्या कोपऱ्यावर खेळणारी पोरगी, घोटा पकडला की सुटका नाही अशी, तालुक्याच्या मॅचला तिचा गुडघा फिरला. लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, अर्धं फाटलंय, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, व्यायामानं भरून येईल. घरच्यांनी ऐकलं ते एवढंच, की खेळून पाय गेला. काल तिच्या घरी गेले होते, बाबा म्हणाले, "बाई, आता बास की ओ, बारावी झाली की लग्नाचं बघूलाव आमी." पोरगी चुलीजवळ बसून खाली बघत होती. मी मोबाईलवर स्कॅरटचा तो ट्राय दाखवला आणि मानेचं सांगितलं. आपल्या पुण्याची वाहबिज भरुचा भारताच्या रग्बी टीमची कॅप्टन होती आणि फिजिओथेरपिस्टपण आहे, 2019 ला मनिलात आपल्या पोरींनी सिंगापूरला 21-19 हरवून 15 जणींच्या रग्बीतली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच जिंकली, ते पण सांगितलं. बाबा गप्प ऐकत होते. आई मात्र म्हणाली, "म्हंजे ही परत पळणार व्हय?"

पळणार. रागच येतो मला, गुडघा दुरुस्त होतोय आणि माणसं पोरीचं नाव टीममधनं काढून मोकळी. मी तिचं नाव काढलेलं नाही, काढणारपण नाही.

व्यायाम तसा सोपा आहे, भिंतीला टेकून पाय पसरायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबत मांडी ताठ करायची, दहा मोजून सोडायचं. कंटाळा येतो, पण मांडी भरली की गुडघ्याला आधार मिळतो, लिगामेंटवरचा भार कमी होतो. काल बसवून करून घेतलं तर दुखऱ्या पायाची मांडी दुसऱ्यापेक्षा चांगलीच बारीक दिसली, आईनं हात लावून बघितलं आणि मग टॉवेल स्वतःच घडी करून दिला.

बेळगावला फिजिओकडं आठवड्यातनं दोनदा न्यायचं ठरलंय. बस कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना फुकट आहे, आधार कार्ड तेवढं जवळ पाहिजे. मंगळवारी मी सोबत जाते, नंतर आई जाणार म्हणाली. बाबांनी लग्नाचं मार्चपर्यंत काढायचं नाही एवढं कबूल केलंय, मार्चला परत भांडायला जाणार आहे मी.