२०१८ची चित्रवही: ऑक्टोबरपर्यंतची मजल

२०१८ साली गेलेल्या, निरनिराळ्या क्षेत्रांतल्या माणसांची पेन्सिलने व्यक्तिचित्रं काढायची, हा उपक्रम ऑक्टोबरपर्यंत आला आहे. अशी वही कुणी काढायला घेणार असेल तर एकच आग्रह: मांडणी निधनाच्या तारखेने करा, क्षेत्राने नको. शास्त्रज्ञ एकीकडे, गवई दुसरीकडे, खेळाडू तिसरीकडे असं केलं की वहीचं सामान्यज्ञानाचं गाईड होतं. तारखेने गेलं की समोरासमोरच्या पानांवर अशी माणसं येतात, ज्यांना एरवी कुणीच शेजारी बसवलं नसतं.

मार्चचंच बघा. ३ मार्चला रॉजर बॅनिस्टर गेले, १४ मार्चला स्टीफन हॉकिंग. बॅनिस्टर १९५४ साली ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत एक मैल धावले, चार मिनिटांच्या आत मैल धावणारे पहिले. नंतर त्यांनी स्पर्धा सोडल्या आणि मज्जासंस्थेच्या विकारांचे तज्ज्ञ म्हणून उभी हयात काढली. हॉकिंग यांना एकविसाव्या वर्षी मज्जासंस्थेचाच असाध्य आजार असल्याचं कळलं, आणि तरीही ते शहात्तर वर्षं जगले. या जोडीसाठी मी बॅनिस्टर यांची फीत तोडतानाची मुद्रा घेतली: मान मागे पडलेली, तोंड उघडं. हॉकिंग यांची खुर्ची मुद्दाम गाळली. खुर्ची काढली की बघणारा तिथेच थांबतो, चेहऱ्यापर्यंत येतच नाही. कललेली मान आणि चष्म्यामागचे मिश्कील डोळे एवढ्यावर काम भागतं. चष्म्याच्या काचेवरची चमक खोडरबराने काढण्यापेक्षा कागद आधीपासून कोरा राखून ठेवलेला बरा.

मे महिन्यात मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, कारण २६ तारखेला गेलेले अ‍ॅलन बीन हे आपल्याच जातकुळीतले. अपोलो १२ मोहिमेत, नोव्हेंबर १९६९मध्ये, चंद्रावर उतरलेला हा चौथा माणूस. १९८१ साली नासा सोडून ते पूर्णवेळ चित्रकार झाले. चित्राच्या पृष्ठभागावर ते चंद्रावर वापरलेल्या हातोडीचे घाव आणि बुटाच्या तळव्याचे ठसे उमटवायचे. आपल्या अंतराळपोशाखावरच्या, चंद्राची धूळ बसलेल्या बिल्ल्यांचे बारीक कणही त्यांनी रंगात मिसळले होते. आता अशा माणसाचं चित्र गुळगुळीत कसं काढणार? म्हणून स्टंप, म्हणजे रेघा घासून मऊ करायची कागदाची सुरळी, बाजूला ठेवला. खरखरीत कागद, ६बी ही मऊ, गडद पेन्सिल आडवी धरून, मागे काळंभोर आकाश. नासाची बहुतेक छायाचित्रं वापरायला खुली असतात, त्यामुळे संदर्भाला तोटा नव्हता.

ऑगस्टने मात्र दमवलं. ७ला करुणानिधी, ११ला व्ही. एस. नायपॉल, १५ला अजित वाडेकर, १६ला अटलबिहारी वाजपेयी आणि अमेरिकी गायिका अरीथा फ्रँकलिन, १८ला संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान. वाजपेयी गेल्यावर आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर दुसऱ्या कुणाला जागा उरणार नव्हती. आदल्याच दिवशी गेलेले वाडेकर, म्हणजे १९७१मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्याच भूमीवर हरवणारा कर्णधार, त्यांच्याही वाट्याला फार थोडे रकाने आले. वहीत हे दडपण नसतं. तिथे प्रत्येकाला एक पान. वाजपेयींचा मी बोलताना थांबलेला क्षण घेतला, पापण्या मिटलेल्या. बघणाऱ्याला पुढचं वाक्य कधी येतंय असं वाटलं पाहिजे. अरीथा गातानाच हवी होती. उघडं तोंड काढताना दात सुटे सुटे रेखू नका, चित्र लगेच बिघडतं. वरच्या ओठाची सावली गडद करा आणि दातांची पांढरी पट्टी एकसंध ठेवा. अन्नान यांची पिकलेली दाढी एचबी पेन्सिलने काढायला घेतली खरी, पण शेवटी मळून वापरायच्या रबरानेच जमली.

मला सगळ्यात आवडती जोडी सप्टेंबर-ऑक्टोबरची: २३ सप्टेंबरला गेलेले चार्ल्स काव आणि १३ ऑक्टोबरला गेलेल्या अन्नपूर्णा देवी. काव यांनी १९६६ साली जॉर्ज हॉकहॅम यांच्यासोबत दाखवून दिलं की काचेच्या तंतूतून प्रकाश लांबवर जात नाही तो मुख्यतः काचेतल्या अशुद्धीमुळे. तेव्हाच्या काचेत किलोमीटरमागे प्रकाशाचा हजारभर डेसिबल (क्षय मोजायचं एकक) क्षय व्हायचा; तो वीसपर्यंत आणला तर संदेशवहन शक्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आज जगभरचे आवाज आणि चित्रं त्याच तंतूंतून धावतात. २००९मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यांना अल्झायमर झाला होता, आणि त्यांचं व्याख्यान पत्नीने दिलं. समोरच्या पानावर सूरबहार, म्हणजे सतारीसारखंच पण खर्जातलं वाद्य, घेऊन बसलेल्या अन्नपूर्णा देवी. त्यांनी १९५०च्या दशकात जाहीर वादन बंद केलं ते कायमचंच; पुढे घराच्या दाराआड निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे शिष्य घडवले. एकाने आवाज जगभर पोहोचायची वाट काढली, दुसरीने आपला आवाज दाराबाहेर जाऊ दिला नाही.

अन्नपूर्णा देवींची छायाचित्रंही मोजकीच, आणि तीही बहुतेक जुनी. एवढ्याशा संदर्भावर चेहरा बेतायचा म्हणजे नाकडोळ्यांत कल्पना घुसणारच. त्यामुळे चेहरा हलका ठेवला आणि सगळा जोर वाद्यावर आणि उजव्या हातावर दिला. छायाचित्रावर चौकटी आखून हुबेहूब काढायची सवय असणाऱ्यांना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

सध्या पाटीवर यशवंत देव आहेत, ३० ऑक्टोबर. मग डिसेंबर. वर्षअखेरच्या स्मरणयाद्या पाहून वही करणारे इथे हमखास कमी पडतात, कारण त्या याद्या वर्ष संपायच्या आतच छापून होतात. २५ डिसेंबरला नॅन्सी रोमन गेल्या: नासाच्या पहिल्या खगोलशास्त्रप्रमुख, हबल दुर्बिणीसाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या. ३० तारखेला मृणाल सेन. दोघांचीही पानं राखून ठेवली आहेत. सेन यांची जाड काळी चष्म्याची चौकट आणि पांढरा झब्बा एकाच पानात बसवायचाय, कागद पांढराच असताना. झब्ब्याची कड रेघेने दाखवावी की पार्श्वभूमी करडी करून ती आपोआप उठू द्यावी? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. आणि चित्र पूर्ण झाल्यावर फवारायचं फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसू नये म्हणूनचं द्रावण) १३० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाच्या, कागदावर पिवळं पडतं का, तेही.