लागाझुओईच्या पोटातून

फाल्झारेगो खिंड, रात्र

गुडघे अजून थरथरताहेत, पण झोपायच्या आधी लिहून ठेवतेच. सकाळी केबल कारनं इटलीतल्या डोलोमाइट पर्वतरांगेतल्या लागाझुओई डोंगरावर गेले आणि उतरले ती डोंगराच्या आतून. पहिल्या महायुद्धात इटालियन सैनिकांनी कातळात खोदलेला सुमारे अकराशे मीटरचा बोगदा. डोक्यावर हेल्मेट, कपाळावर दिवा, हाताशी तारेचा दोर. पायऱ्या ओल्या आणि इतक्या उभ्या, की सह्याद्रीतल्या कातळपायऱ्यांची सवय असूनही प्रत्येक पाऊल चाचपत टाकावं लागलं.

इथली आघाडी आडवी नव्हती, उभी होती. वर ऑस्ट्रियन. ऑक्टोबर १९१५ मध्ये इटलीचे पहाडी सैनिक, आल्पिनी, कड्याच्या मध्यावरच्या अरुंद कपारीवर चढले आणि तिथंच ठाण मांडून बसले. आज तिला मार्टिनी कपार म्हणतात. त्यांना हटवायला ऑस्ट्रियनांनी कातळात सुरुंग पेरले, एकदा नाही, अनेकदा. इटालियन खालून वर खोदत निघाले. दोन्हीकडचे लोक भिंतीला कान लावून बसत. पलीकडे खोदकाम ऐकू येतंय तोवर थोडा दिलासा. आवाज थांबला, की स्फोटकं भरायला घेतली असावीत. बोगद्यात दिवा क्षणभर बंद केला, तेव्हा त्या ऐकणाऱ्यांचाच विचार मनात आला. विशीतली पोरं होती ती बहुतेक.

२० जून १९१७ ला इटालियनांनी जवळपास ३३ टन स्फोटकांनी पुढचं उपशिखर उडवलं. कड्याखालच्या घसाऱ्यात तो मलबा आजही आहे. आणि ऑक्टोबरअखेर, कापोरेत्तोच्या लढाईत इटालियनांची फळी फुटल्यावर, त्यांचं सैन्य पियावे नदीकडे हटलं. इथली कपार, बोगदा, खंदक सगळं सोडून. हे वाचून मला राग आला, अजून ओसरलेला नाही. इतकी मेहनत, इतके जीव, कशासाठी?

बर्फानं घेतलेले जीव तर वेगळेच. माथ्यावरून समोर मार्मोलाडा डोंगर दिसतो. १३ डिसेंबर १९१६ ला तिथल्या ऑस्ट्रियन बराकीवर हिमकडा कोसळला आणि शेकडो सैनिक गाडले गेले.

उद्या वाल्पारोला खिंडीतला त्रे सास्सी किल्ला. १९१५ च्या जुलैत इटालियन तोफांनी तो फोडला होता. आता आत संग्रहालय आहे. ऑस्ट्रियनांची बाजूही नीट पाहायची आहे.