मेलबर्नचा संकासूर

वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. यंदा जानेवारीत तीन आठवडे तिथे होतो. दारच्या हापूसला मोहोर आलेला आणि रात्री अंगावर पांघरूण घ्यावं एवढी थंडी. जेवणं झाली की खळ्यात चटई पडायची. अशाच एका रात्री चुलतभाऊ म्हणाला, "तू फोनवर सांगतंस तो रात्रीचो क्रिकेटचो कार्यक्रम दाखव मा आमका."

मी मेलबर्नला राहतो. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या थंडीत, मेलबर्न भारताच्या साडेपाच तास पुढे असतं. तिथे रात्री साडेदहाला हा कार्यक्रम संपतो, तेव्हा गावी संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि काका पडवीत चहा पीत असतात. मी फोन करतो आणि त्या रात्रीचं सगळं त्यांना सांगतो. अनेक वर्षं हे चाललं आहे, पण काकांनी तो कार्यक्रम डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. मी दोन भाग मोबाइलवर उतरवून आणले होते.

टेबलामागे दोन निवेदक आणि बाजूच्या कोचावर एखादा निवृत्त कसोटीपटू, एवढाच त्याचा थाट. दिवसभराच्या खेळावर बोलतात, पण धावा आणि बळींचा हिशेब मांडायला ते बसलेले नसतात. कर्णधार पत्रकारांसमोर जी ठरीव वाक्यं बोलून जातो, ती हे दोघे त्याच गंभीर चेहऱ्याने पुन्हा म्हणतात. बोर्डाची गुळगुळीत पत्रकं श्रावणातल्या पोथीसारखी संथपणे वाचतात. समालोचकांचे आवाज काढतात. मध्येच शनिवारी क्लबकडून खेळणाऱ्या एखाद्या सुताराच्या किंवा बँकेतल्या कारकुनाच्या सामन्याचं विश्लेषण असं करतात, जणू तो इंग्लंडविरुद्धच्या ॲशेस मालिकेचाच सामना आहे. आणि कोचावरचा पाहुणा, म्हणजे ज्याची थट्टा चाललेली असते तो, पोट धरून हसत असतो.

खळ्यात पोरं हसली. काका मात्र हसले नाहीत. "देशाच्या कॅप्टनाची अशी मस्करी? आणि तो थंय बसान हसता?"

त्यांचा राग मला कळला, कारण पहिल्या वर्षी तो माझाही होता. मेलबर्नला गेल्यावर मी घराजवळच्या एका क्लबात खेळू लागलो. तिसऱ्याच सामन्यात हातातला सोपा झेल सुटला आणि सामना गेला. संध्याकाळी क्लबच्या खोलीत सगळे जमले असताना एका सहकाऱ्याने उभं राहून तो झेल सोडण्याची हुबेहूब नक्कल केली. टाळ्या पडल्या. मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं, पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. गुरुवारी तिनेच मला सरावाला ढकललं. त्याच माणसाने त्या दिवशी स्वतःची फलंदाजी सोडली आणि अर्धा तास मला उंच झेल दिले. थट्टा आणि ते झेल एकाच मायेतून आलेले होते. हे समजायला मला पुढचा अख्खा हंगाम लागला. त्यानंतर मी तो रात्रीचा कार्यक्रम नीट पाहू लागलो.

हे काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुसरो भाग लाव." तो अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे झिला, हो तर संकासूर! फक्त जीभ तेवडी लावूक नाय."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जत्रेत देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो. मुख्य आख्यानाआधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात आणि मग येतो संकासूर. वेद चोरणारा असुर: काळा पेहराव, डोक्यावर उंच टोकदार टोपी, बाहेर लोंबणारी लाल जीभ. देव शुद्ध मराठी बोलतात, हा मालवणी बोलतो. संवाद लिहिलेले नसतात, सगळं तिथल्या तिथे सुचलेलं. सूत्रधाराला तो सतावतो, गावच्या मानकऱ्यांना टोचतो, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. लहानपणी मी त्याला भिऊन आईच्या पदरात तोंड खुपसायचो आणि बोटांच्या फटीतून पाहायचो. काकांनी तरुणपणी बरीच वर्षं हाच संकासूर केला. आणि दरवेळी फोनवर त्यांना मेलबर्नची गोष्ट सांगणाऱ्या मला हे नातं एकदाही दिसलं नव्हतं.

काकांनी त्या रात्री एक नियम सांगितला, तो लिहून ठेवलाय. "संकासुरान राजाक बोलूचा, सूत्रधाराक बोलूचा. मागे बसलेल्या म्हातारेक बोललो तर लोक उठान जातत."

या नियमाने ऑस्ट्रेलियातली क्रिकेटची थट्टा मोजली, तर कितीतरी गोष्टी लख्ख दिसतात. तिथे या प्रकाराचं मोठं नाव बिली बर्मिंगहॅम. १९८४ पासून 'ट्वेल्थ मॅन' या नावाने तो ध्वनिमुद्रिका काढत असे. चॅनल नाइनवरच्या समालोचकांचे, विशेषतः रिची बेनॉचे, आवाज तो काढायचा. बेनॉ म्हणजे १९५९ साली कानपूरला भारताच्या जसू पटेलांनी एका डावात ९ बळी घेऊन ज्याचा संघ हरवला, तो ऑस्ट्रेलियाचा कर्णधार; पुढे समालोचनातला सगळ्यांत आदरणीय माणूस. अशा माणसाची नक्कल करणं म्हणजे थेट सूत्रधाराला बोलणं. पण त्याच मुद्रिकांत भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकेच्या खेळाडूंच्या नावांवर ओंगळ कोट्या आहेत. क्लबातले मित्र त्या तोंडपाठ म्हणतात. मला तिथे हसू येत नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं आहे. मागे बसलेल्या म्हातारीला बोलणं ते हेच.

२०२१ च्या जानेवारीत सिडनीच्या कसोटीत भारताचा गोलंदाज सिराज याने प्रेक्षकांतल्या शिवीगाळीची पंचांकडे तक्रार केली. खेळ थांबला, काही माणसांना स्टँडमधून बाहेर काढलं. त्या रात्री मी कुठलाच कार्यक्रम लावला नाही. नुसता काकांना फोन केला. नऊच दिवसांनी, १९ तारखेला, ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर आपला पंत नाबाद ८९ वर उभा होता आणि १९८८ पासून तिथे कसोटी न हरलेला ऑस्ट्रेलिया हरला होता. आपला कर्णधार होता अजिंक्य रहाणे. फोनवर काका आणि मी दोघेही रडलो.

याउलट २०१८ मध्ये केपटाऊनला चेंडूला सँडपेपर लावल्याचं उघड झालं. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्मिथ आणि उपकर्णधार वॉर्नर यांच्यावर वर्षाची बंदी आली, बँक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची. त्या प्रकरणावर अजूनही विनोद होतात आणि व्हायलाच हवेत. तिथे चूक मानकऱ्यांचीच होती.

मग बोलता बोलता १९८१ चा अंडरआर्म, म्हणजे हात खांद्याखाली ठेवून टाकलेला, चेंडू निघाला. १ फेब्रुवारी, मेलबर्न. न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने, ग्रेग चॅपेलने, धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं. नियमात बसत होतं, पण पुढे तसा चेंडू बंदच झाला आणि ऑस्ट्रेलिया अजून त्यावर लाजते आणि हसते. काका चकित. "मगे तेच्यात काय चुकला? अंडरआर्मच तर टाकल्यान." आमच्याकडे अंडरआर्मच्या स्पर्धा बक्षिसं लावून रात्र रात्र चालतात, त्यामुळे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला.

नाइट वॉचमनही त्यांना समजावला. दिवस मावळताना बळी पडला की चांगला फलंदाज राखून ठेवायचा आणि गोलंदाजाला पुढे पाठवायचं. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज जेसन गिलेस्पी २००६ साली बांगलादेशात असाच गेला आणि नाबाद २०१ करून परतला, तेही स्वतःच्या वाढदिवशी. ती त्याची शेवटची कसोटी. "म्हंजे राखणदार! मगे तसा सांग मा," काका म्हणाले आणि त्यांनी आरवलीच्या दिशेला हात जोडले. तिथला देव वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात, ही तिथली श्रद्धा. म्हणून नवसाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. नाइट वॉचमनसाठी इतकी वर्षं मी मराठी शब्द शोधत होतो. तो पडवीतच होता.

मी निघायच्या आदल्या रात्री शाळेच्या मैदानावर स्पर्धेची अंतिम फेरी होती. हॅलोजनचा उजेड, सुरूच्या बनामागून समुद्राची गाज, मंडपात मानाच्या खुर्च्या. उपांत्य सामना संपला आणि पोरांनी समालोचनाचा माइक काकांच्या हातात दिला. शेजारी एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ही कल्पना चुलतभावाची; मला आधी सांगितलीही नव्हती.

काकांनी खाकरून घसा साफ केला आणि आवाज बदलला. वीसेक वर्षांनी तो आवाज गावाने ऐकला असेल. आधी आमच्याच वाडीच्या कप्तानाला घेतलं. "तीन चेंडूत दोन रनआउट! नळाक पाणी येवक दोन दिस लागतत, तुमका परत येवक दोन मिनटां लागाक नाय!" मैदान कोसळलं. मग त्यांनी मान हळूच मंडपाकडे वळवली.

"सरपंचांनी उद्घाटनाक चेंडू मारल्यानी, तो अजून गावाक नाय. आमच्या रस्त्याचा डांबरय थंयच गेला काय, ता बघूक व्हया."

हशा अर्ध्यावर थांबला. सरपंच उठले. मी चुलतभावाकडे पाहिलं, त्याने माझा दंड धरला. सरपंच मंडपातून उतरून मैदानातून चालत आले, काकांच्या शेजारची ती खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. काकांनी माइक त्यांच्यापुढे धरला.

"आता तुमी बोला."