पिनिन्याहांग मानोक: अननसातलं चिकन, आणि ते कुठे बिघडतं

फिलिपिन्समध्ये घरोघरी होणारा चिकनचा एक रस्सा म्हणजे पिनिन्याहांग मानोक. मानोक म्हणजे कोंबडी आणि पिन्या म्हणजे अननस; हे फळ इथे स्पॅनिश लोकांनी आणलं, त्यांचा शब्दही इथेच रुजला. नाव ऐकून आपल्याकडे पहिली शंका येते ती गोडाची. पण हा भातावर ओतून खायचा खारट-आंबट रस्सा आहे. त्यात लसूण असतो, नारळाचं दूध असतं आणि ‘पातीस’, म्हणजे मासे मिठात आंबवून काढलेलं पातळ, खारट पाणी. अननस इथे आपल्या कोकमाचं काम करतो, फक्त येताना थोडी गोडी घेऊन येतो.

इथल्या कृती वाचून भारतात हा पदार्थ करणाऱ्यांची हमखास फसगत होते. कृतीत लिहिलेलं असतं, ‘चिकन अननसाच्या रसात अर्धा तास मुरवा.’ रस डब्यातला, हे मात्र कित्येकदा लिहिलेलंच नसतं. मिंदानाओ बेटावरच्या बुकिडनॉनमध्ये अननस डबाबंद करणारी कंपनी १९२६ साली आली. तेव्हापासून अननसाचा डबा इथल्या स्वयंपाकघरात इतका सवयीचा झाला आहे की तो वेगळा सांगावा असं कुणाला वाटत नाही. आपण मात्र ताजा अननस पिळतो आणि घोटाळा तिथेच होतो.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं आणि ते मांसातली प्रथिनं तोडतं. मटण मऊ व्हावं म्हणून आपण कच्ची पपई चोळतो, त्यातला हा प्रकार. ताज्या रसात चिकन अर्धा-पाऊण तास राहिलं की वरचा थर पिठूळ होतो आणि शिजल्यावर दातांना तंतू लागतच नाहीत, लगदा लागतो. एकदा असं झालं की ते सुधारत नाही. डब्यातला अननस भरताना तापवलेला असतो, त्यामुळे त्यातलं ब्रोमेलेन निकामी झालेलं असतं. म्हणूनच इथल्या बायका त्यात चिकन निर्धास्त मुरवतात.

ताजा अननस वापरायला काहीच हरकत नाही, उलट चवीला तोच सरस. फक्त तो आधी वेगळा शिजवून घ्यायचा. फळ जरा करकरीत निवडा, पिवळ्यात हिरवी झाक असलेलं. फार पिकलेलं रश्श्यात विरघळतं आणि सगळं गोडमिट्ट करून ठेवतं. मधला कडक दांडा काढून टाका, ब्रोमेलेन त्यात भरपूर असतं. साफ केलेल्या ३०० ग्रॅम फोडी कोरड्या कढईत मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटं ठेवा. सुटलेला रस खदखदून उकळला पाहिजे आणि आटत आला पाहिजे. फोडींच्या कडा तांबूस झाल्या की काढून ठेवा. नुसत्या कोमट करून भागत नाही. आतपर्यंत उकळत्या वाफेची धग लागली पाहिजे. भांडं स्टीलचं घ्या. उघडं ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ या आंबटपणाला चालत नाही.

एवढ्या फोडींना हाडासकट १ किलो चिकन लागतं, १२ ते १४ तुकडे. ते कापडाने टिपून अगदी कोरडं करा, नाहीतर तेलात पाणी सुटतं आणि रंग येत नाही. २ मोठे चमचे तेलात तुकडे दोन्हीकडून ४-४ मिनिटं परतून बाजूला काढा. त्याच तेलात ठेचलेल्या ६ लसूण पाकळ्या आणि उभा चिरलेला १ मोठा कांदा घाला. लसूण करपू देऊ नका, तो कडवटपणा नारळाच्या दुधात लपत नाही. चिकन परत घालून २ मोठे चमचे पातीस सोडा आणि मिनिटभर चुरचुरू द्या. कच्च्या पातीसचा वास उग्र असतो, पण गरम तेलात तो निवतो. यात मीठ आधीच घालू नका, पातीस मुळातच फार खारट असतं. पातीस मिळालं नाही तर सव्वा चहाचा चमचा मीठ घालून करा. खोली थोडी कमी होते, पण रस्सा छान होतो.

आता दूध. एका नारळाचं पहिलं घट्ट दूध २०० मिली आणि दुसरं पातळ ३०० मिली काढा. घट्ट दुधाला इथे ‘काकांग गाता’ म्हणतात. चिकनमध्ये पातळ दूध आणि अर्धा चमचा मिरपूड घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर २० मिनिटं शिजवा. मग १ गाजर चकत्या करून, आणखी ७-८ मिनिटांनी १ लाल ढोबळी मिरची आणि अननसाच्या फोडी. गावरान कोंबडी असेल तर शिजायला तासाच्या वर लागतो. पातळ दूध दीडपट घ्या आणि गाजर शेवटच्या दहा मिनिटांतच टाका.

घट्ट दूध सर्वांत शेवटी, आच अगदी बारीक करून. शिजवल्याने ब्रोमेलेन गेलं तरी आंबटपणा राहतोच, आणि आंबट अधिक उकळी म्हणजे दूध फाटणारच. कडेला बारीक बुडबुडे दिसले की दोन मिनिटांत गॅस बंद. चुकून फाटलंच तर तुकडे आणि फोडी काढून घ्या, रस्सा कोमट झाल्यावर मिक्सरमधून फिरवा, बराचसा जुळून येतो.

काही घरांत नारळाऐवजी डब्यातलं आटवलेलं दूध घालतात. ते बिनसाखरेचं असतं. मिठाईसाठी वापरतो ते कंडेन्स्ड मिल्क इथे घातलं तर पदार्थ गेलाच. साधं दूध मुळीच नको. अननसाच्या आंबटपणाने ते लगेच फाटतं, आणि अननस कच्चा राहिला असेल तर कडूही होतं.

मीठ शेवटी चाखून ठरवा. रस्सा गोडसर वाटला तर साखर लपवायला तिखट वाढवू नका, चमचाभर पातीस घाला. आंबट कमी पडलं तर इथे कालामान्सी पिळतात, आपल्याकडे लिंबाचे चार थेंब पुरे, तेही ताटात. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून मंद आचेवर गरम करा, उकळू नका.