पंखा पाव फेरा फिरतो आणि थांबतो

लेकीचं आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष. रेंडरिंगला लावलं की तिचा लॅपटॉप मान टाकायचा, म्हणून डेस्कटॉप असेंबल करायचं ठरलं. पार्ट तपकीर गल्लीतून घेतले. दुकानातल्या मुलाने मदरबोर्ड, प्रोसेसर आणि कूलर कॅबिनेटमध्ये बसवून दिले. "बाकी वायरी घरी लावा मॅडम, सोप्पं आहे." पासोड्या विठोबापासून सिंहगड रोडपर्यंत स्कूटरवर मागे बसून ते कॅबिनेट मांडीवर सांभाळत आणणं हा वेगळाच विषय आहे, तो इथे नको.

लेकीने पुस्तिका समोर ठेवून वायरी लावल्या. बोर्डाची 24 पिनांची मोठी, प्रोसेसरची 8 पिनांची, ग्राफिक्स कार्डाची, आणि समोरच्या बटणाच्या त्या नखाएवढ्या वायरी. बटण दाबलं. प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम पाव फेरा फिरला आणि थांबला. परत दाबलं, तर तेवढंही नाही.

दुकानात फोन केला. "एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, गेला असेल. घेऊन या. नाहीतर थोडे वरचे पैसे देऊन जास्त वॅटचा टाका." एवढ्यावर ते धूड उचलून पुन्हा गल्लीत जायची माझी तयारी नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मल्टिमीटर घेऊन खाली आले, पण तो आधी टेबलावर ठेवला. म्हणाले, "पंखा हलला म्हणतेस ना? मला हलवून दाखव." लेकीने बटण दाबलं. ढिम्म. त्यांनी भिंतीतली पिन काढायला लावली, मिनिटभर थांबले, पुन्हा लावायला सांगितली. आता बटण दाबल्यावर परत तोच पाव फेरा. काका खूश! "सप्लाय मेलेला नाही गं. काहीतरी बघून तो स्वतःच बंद होतोय."

हे मला आधी कळलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. कॉम्प्युटर बंद असला तरी पिन लावलेली आणि एसएमपीएसचा मागचा स्विच चालू असेल, तर तो 5 व्होल्टची एक लाइन कायम जिवंत ठेवतो. बटण दाबलं की मदरबोर्ड एका ठरावीक वायरीला ग्राउंडशी, म्हणजे शून्य व्होल्टच्या लाइनशी, जोडतो. चालू व्हायचा हुकूम तो हाच. मग 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या लाइन सुरू होतात. सुरू होताच कुठे शॉर्ट आढळला, तर एसएमपीएस क्षणात सगळं तोडतो आणि बऱ्याचदा मेन सप्लाय काढून पुन्हा दिल्याशिवाय हुकूम ऐकतच नाही. म्हणजे आमचा पाव फेरा हा चांगलाच पुरावा होता: भिंतीतला प्लग, बटण, बटणाच्या वायरी, सगळे निर्दोष. पंखा अजिबात हलला नसता तर शोध तिथूनच सुरू करावा लागला असता.

तरी काकांनी एसएमपीएस वेगळा तपासला. सगळ्या वायरी बोर्डापासून सोडवल्या. 24 पिनांच्या कनेक्टरमध्ये 16 नंबरची पिन ही त्या हुकमाची. पूर्वी तिची वायर हिरवी असायची, आमच्या एसएमपीएसच्या सगळ्याच काळ्या, त्यामुळे पिना मोजाव्या लागल्या. शेजारची 17 नंबरची पिन ग्राउंड. भिंतीतली पिन काढलेली असताना या दोघींमध्ये वायरीचा तुकडा अडकवायचा आणि मग सप्लाय द्यायचा. एसएमपीएसचा पंखा फिरू लागला. मल्टिमीटरवर 12 च्या लाइनला 12.1 व्होल्ट, 5 च्या लाइनला 5 च्या अगदी जवळ. दोन्हीकडे 5 टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे 12 च्या लाइनला 11.4 ते 12.6. लोड नसताना केलेली ही चाचणी शंभर टक्के खात्रीची नाही, हेही काकांनी बजावलं. शिवाय काही एसएमपीएसचा पंखा लोड कमी असताना फिरतच नाही, तेव्हा नुसता पंखा बघून निकाल द्यायचा नाही. आणि एसएमपीएसचा डबा घरी उघडायचा नाही, पिन काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

मग एकेक काढत गेलो. ग्राफिक्स कार्ड काढलं, एसएसडी काढली, एकच रॅम ठेवली. दर वेळी पिन काढून थोडं थांबायचं, नाहीतर आधी बंद पडलेला एसएमपीएस पुढचा निकालही खोटा देतो. आमचा पाव फेरा मात्र कायम. लेक वैतागून म्हणाली, "आई, बोर्डच गेला असणार." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

काका म्हणाले, "बोर्ड बाहेर काढून बघू."

मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता, त्याच्यावरच तो ठेवला. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, दोन पॉवरच्या वायरी, बास. बटण कॅबिनेटवर राहिलं, म्हणून पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. लेकीने काकांना टाळी दिली.

बोर्ड ठणठणीत, म्हणजे गोम कॅबिनेटमध्ये. मोबाइलच्या उजेडात पत्रा पाहिला. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी स्टँडऑफ असतात आणि स्क्रू त्यांच्यातच बसतात. कॅबिनेट मोठ्या एटीएक्स बोर्डाचं, आमचा बोर्ड त्याहून लहान, मायक्रो एटीएक्स. बोर्डाला भोकं आठ, आणि बोर्डाखाली येणारे स्टँडऑफ नऊ. नववा कारखान्यातूनच लावून आलेला, दुकानातल्या मुलाने तसाच ठेवलेला. बोर्ड उलटा करून पाहिला तर बरोबर त्या जागी, सीपीयू फॅनच्या पिनांच्या डाखावर, पितळेचा बारीक चकचकीत ओरखडा. त्या पिनांपैकी एक 12 व्होल्टची. ती स्टँडऑफमधून थेट पत्र्याला, म्हणजे ग्राउंडला भिडत होती. एसएमपीएस बिचारा त्याचं कामच करत होता.

पक्कडीने तो स्टँडऑफ काढला, बोर्ड परत बसवला, ग्राफिक्स कार्डासकट सगळं जोडलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळाच. लेकीचा हात बटणाकडे गेला, तो मी धरला, कारण पुस्तिकेत लिहिलं होतं: डीडीआर5 रॅम असली की पहिल्यांदा चालू करताना बोर्ड तिचं टायमिंग जुळवत बसतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. चहा टाकून आले तोवर बायोसचा, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगचा, स्क्रीन आला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन करून सगळं सांगितलं, पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी स्टँडऑफ मोजून घ्या म्हटलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बरं मॅडम, मग तो मोठा एसएमपीएस काढून ठेवलाय, तो नको का?"