ॲरिझोनाच्या वाळवंटात मोफत मुक्कामाची जागा शोधताना

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवर, आगाऊ आरक्षण न करता आणि एक डॉलरही न भरता, गाडी लावून राहता येते, हे फिनिक्सच्या परिसरात राहायला आल्यावर पुष्कळ काळाने आम्हाला कळले. पुढे आम्ही दोघांनी एक वापरलेली फोर्ड ट्रान्झिट व्हॅन घेतली, आत पलंग, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवली आणि हिवाळ्यात ॲरिझोनाच्या पश्चिम भागातील क्वार्टझ्साइट या गावाच्या बाजूला जायचे ठरवले. त्या वर्षी सासूबाई भारतातून आमच्याकडे आल्या होत्या. बेत ऐकून त्यांनी विचारले, "पण जमीन कोणाची? आणि परवानगी कोणाची घेतलीत?" या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळवणे हेच जागा शोधण्याचे खरे काम आहे, असे माझे मत आहे. ते उत्तर हाती आले की उरते ते रस्ता आणि माती पाहण्याचे काम.

यातील बहुतेक जमीन 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या केंद्रीय खात्याकडे आहे. सगळे त्याला 'बीएलएम' असेच म्हणतात. या खात्याच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहूनही अधिक. आपल्याकडच्या गायरानाशी तिचे बरेच साम्य आहे. वसाहतीसाठी आलेल्या लोकांना जमिनी वाटून झाल्यावर जी कोरडी, नापीक जमीन कोणीच मागितली नाही, ती सरकारकडे राहिली. तिच्यावर गुरे चारण्यावर नियंत्रण आणण्यासाठी १९३४ साली टेलर चराई कायदा झाला, आणि १९४६ साली चराई खाते व जुने जनरल लँड ऑफिस एकत्र करून बीएलएम स्थापन झाले. आजही यातील पुष्कळ जमिनीवर परवानाधारक पशुपालकांची गुरे चरतात. म्हणून वाटेत फाटक लागले, तर ते जसे असेल तसेच, उघडे असल्यास उघडे आणि बंद असल्यास बंद, ठेवून पुढे जायचे असते.

नकाशा वाचण्यात आमचा सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. जमिनीची मालकी दाखवणारे नकाशे खात्याकडून मिळतात, शिवाय मोबाइलवरील काही ॲपमध्येही तो थर चालू करता येतो. त्यात बीएलएमची जमीन पिवळी, राज्याची निळी, खाजगी पांढरी, वनखात्याची हिरवी आणि मूलनिवासी जमातींची आरक्षित भूमी नारिंगी दिसते. ॲरिझोनाच्या नकाशावर पिवळ्या रंगात मधूनच अगदी काटकोनी निळे चौकोन दिसतात, आणि नवख्या माणसाला ते छपाईतील गडबड वाटावेत इतके नीटनेटके असतात. त्यामागे मोजणीची जुनी पद्धत आहे: प्रत्येक 'टाउनशिप'चे, म्हणजे सहा मैल लांबीरुंदीच्या चौकोनाचे, एक मैल लांबीरुंदीचे ३६ भाग पाडले जातात, आणि ॲरिझोनात त्यांपैकी २, १६, ३२ व ३६ या क्रमांकांचे भाग शाळांच्या खर्चासाठी राज्याला देण्यात आले. हीच 'स्टेट ट्रस्ट लँड'. प्रत्यक्षात तिथे कुंपण किंवा पाटी असेलच असे नाही, माती आणि झुडपेही तीच असतात. पण तिथे राहायचे तर राज्याच्या भूमी खात्याचा वेगळा परवाना काढावा लागतो. नारिंगी भागात त्या त्या जमातीच्या शासनाची परवानगी लागते आणि ती तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी. ती त्यांची भूमी आहे.

रंग पिवळा असला म्हणजे कुठेही थांबता येते, असेही नाही. सर्वसाधारण नियम असा की २८ दिवसांच्या काळात एका भागात जास्तीत जास्त १४ दिवस राहावे आणि मग किमान २५ मैल दूर जावे. मात्र प्रत्येक विभागीय कार्यालय आपल्या भागापुरते निर्बंध घालू शकते. कॅलिफोर्नियातील अलाबामा हिल्स पूर्वी अगदी मोकळे होते, तिथे आता परवाना लागतो. यूटामधील मोॲबच्या आसपास बऱ्याच भागात नेमून दिलेल्या जागीच राहावे लागते. त्यामुळे आम्ही निघण्यापूर्वी बीएलएमच्या यूमा येथील कार्यालयाला फोन केला. फोनवरील बाईंनी घाई न करता सगळे समजावून सांगितले: कोणत्या भागात मोफत राहता येईल, कुठे होस्टकडे, म्हणजे तिथेच राहून देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकाकडे, नाव नोंदवावे लागेल, सध्या आग पेटवण्यावर बंदी आहे का, आणि ला पोसा येथील दीर्घ मुक्कामाचा भाग सशुल्क असल्याने त्याच्या हद्दीच्या पाट्या कशा ओळखायच्या. हा ला पोसाचा भाग कडाक्याच्या थंडीच्या राज्यांतून हिवाळाभर राहायला येणाऱ्या मंडळींसाठी आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या पूर्ण हंगामाला आम्ही गेलो तेव्हा १८० डॉलर पडत होते. चारदोन दिवसांसाठी जाणाऱ्यांना त्याची गरज नाही, पण महिनोन्महिने राहणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार चांगली सोय आहे.

क्वार्टझ्साइट फिनिक्सहून आंतरराज्य महामार्ग १० ने पश्चिमेला साधारण २०० किलोमीटरवर आहे. जानेवारीत तिथे रत्ने आणि खनिजांचे मोठे बाजार भरतात आणि गावाभोवतीचे सगळे माळ गाड्यांनी भरून जातात, म्हणून आम्ही गावाच्या उत्तरेला प्लोमोसा रोडच्या बाजूची जागा निवडली. तिथे दुपारी तीनच्या आत पोहोचायचे, हे आम्ही पक्के ठरवले होते. हिवाळ्यात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, आणि अंधारात अनोळखी कच्च्या वाटेवर व्हॅन घालणे मला मुळीच मान्य नाही.

डांबरी सडक सोडली की पहिले काम गाडी थांबवून चालत जाणे. आमच्या व्हॅनला फक्त मागच्या चाकांची ओढ आहे, त्यामुळे मऊ वाळू ही सर्वांत मोठी अडचण. मी फावडे घेऊन पुढे चालत गेले आणि वाटेत जिथे जिथे उतार होता तिथे टाच रोवून पाहिली. टाच घोट्यापर्यंत आत गेली, तर तिथून व्हॅन न्यायची नाही. नुसता कच असा आवाज होऊन वरचे खडे हलले, तर जमीन भार पेलते. या भागात काही ठिकाणी गडद, जवळजवळ काळे, चकचकीत खडे फरशीसारखे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. ती जमीन टणक असते, पण एकदा चाकाने विस्कटली की तो व्रण पुढे कित्येक वर्षे भरून येत नाही. म्हणून आधीच्या लोकांच्या गाड्यांनी दबलेली, दगडांचे जुने चूलवर्तुळ असलेली जागाच घ्यायची. नवी जागा तयार करायची नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कोरडे ओढे. इथे त्यांना 'वॉश' म्हणतात. पालो व्हर्डे आणि आयर्नवुडची झाडे त्यांच्याच काठाने उभी असल्यामुळे सावली नेमकी तिथेच मिळते आणि वाळूही सपाट, मोहक दिसते. परंतु मैलोगणती दूरच्या डोंगरात पाऊस झाला, की डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही या ओढ्यांतून लोंढा येतो. आम्ही ओढ्यापासून चांगल्या उंचीवरील सपाट माळ निवडला, जिथे बुटकी क्रिओसोटची झुडपे होती आणि गाडी वळवायला ऐसपैस जागा होती. गुरे आणि वन्यप्राणी जिथे पाणी पितात त्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करून त्यांची वाट अडवू नये, असा ॲरिझोनाचा कायदाच आहे, तेव्हा नकाशावर तेही पाहून घेतले.

मुक्कामात पाणी, मैला आणि कचरा या तिन्हींची जबाबदारी आपलीच असते, कारण तिथे नळ नाही, संडास नाही, कचराकुंडी नाही. पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी धरून, त्यावर दोन दिवसांचे जास्तीचे आम्ही नेले. सासूबाईंनी भांडी आधी कागदाने पुसून मग जेमतेम पाण्यात धुण्याची पद्धत लगेच बसवली. दुष्काळी भागात संसार केलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. सांडपाणी बंद डब्यात साठवले, आणि गाडीतील शौचालयाची टाकी नंतर गावात पैसे भरून रिकामी केली. पाण्याच्या टाकीच्या तोटीतून थेंब गळत राहिला तर दिवसा मधमाश्या जमतात, म्हणून तोटी कोरडी ठेवावी. रात्री पॅकरॅट नावाचे उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन तारा कुरतडतात. इंजिनाचे झाकण उघडे ठेवले, की अंधार आणि आडोसा नसल्याने ते सहसा शिरत नाहीत.

भारतीय नागरिकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. क्वार्टझ्साइटच्या दक्षिणेला, यूमाहून उत्तरेकडे येणाऱ्या ९५ क्रमांकाच्या महामार्गावर सीमा गस्त दलाचे तपासणी नाके आहे. आपण मेक्सिकोची सीमा ओलांडलेली नसली तरी तिथे नागरिकत्वाविषयी विचारतात, आणि अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रे जवळ बाळगावीत, असा कायदा आहे. आम्ही यूमाहून वाणसामान घेऊन परतताना तिथे थांबलो. आमची ग्रीन कार्डे आणि सासूबाईंचा पासपोर्ट व आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची, छापील प्रत आम्ही एकाच पाकिटात ठेवली होती. ती दाखवली आणि दोन मिनिटांत पुढे निघालो.